बोटाला कळतं, पान्याला कळत नाही: गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलताना

सध्या चार पेट्रोल गाडीवाले एकत्र आले की विषय एकच निघतो. "ई-२० आल्यापासून ॲव्हरेज पडलं." "पिकअप गेला." "घाटात गाडी मिसिंग मारते." पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं सरकारचं उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं गेलं आणि आता बहुतेक पंपांवर हेच 'ई-२०' पेट्रोल मिळतं. महाराष्ट्राला तर हा विषय घरचाच. उसापासून इथेनॉल काढणाऱ्या डिस्टिलऱ्या आपल्याच साखर कारखान्यांच्या आवारात उभ्या आहेत.

ॲव्हरेजची तक्रार खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉलचा असेल, तर एकूण ऊर्जेत सहा-सात टक्क्यांची तूट येते. लिटरला १६ देणारी गाडी १५ वर आली, तर हिशोब जुळतो. पण तीच गाडी १२ वर आली, चढावर धक्के द्यायला लागली, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागला, तर दोष एकट्या पेट्रोलचा नाही. अशा वेळी सगळ्यात आधी बघायची वस्तू बोटभर लांबीची आहे, आणि बऱ्याच गाड्यांत ती घरच्या पार्किंगमध्ये तासाभरात काढून बघता येते, बदलताही येते.

मागच्या पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला परतताना बोरघाटात माझ्याच गाडीने हे दाखवलं. खोपोलीपर्यंत सगळं सुरळीत होतं. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी उचकी लागल्यासारखी अडखळायला लागली. डॅशबोर्डवरचा इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. पाय हलका केला की दिवा थांबे, गाडी सरळ चाले. लोणावळ्यानंतरच्या सपाटीला तर काही झालंच नाही असं वाटावं. गाडीचं रीडिंग ६२ हजार होतं आणि प्लग एकदाही बदललेले नव्हते.

सपाटीला शहाण्यासारखी चालणारी गाडी घाटातच का बिघडते, हे कळलं की प्लगची अर्धी विद्या कळली.

गॅसचा लायटर आणि गाडीचा प्लग

स्वयंपाकघरातला लायटर आठवा. गॅस सुरू केला, लायटर टक् केला, ठिणगी उडाली, बर्नर पेटला. लायटर जुना झाला की पाच-सहादा टक्-टक् करावं लागतं, तोवर गॅस साठतो आणि मग एकदम भप्पकन पेट घेतो. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग म्हणजे हाच लायटर. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण येतं, पिस्टन वर सरकून ते दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि त्या स्फोटाच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. गाडी पुढे जाते ती या ढकलण्यावर.

प्लगच्या टोकाला दोन धातूची टोकं समोरासमोर असतात. मधलं टोक पांढऱ्या चिनी मातीच्या आवरणातून बाहेर डोकावतं, दुसरं बाजूने वाकून त्याच्यासमोर येतं. दोघांमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट असते. गॅरेजमध्ये हिलाच 'गॅप' म्हणतात. बॅटरीचे १२ व्होल्ट ही फट ओलांडू शकत नाहीत, म्हणून इग्निशन कॉइल नावाचा भाग ते वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत चढवतो. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. जुन्या मारुती ८०० मध्ये किंवा कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत एकच कॉइल असे आणि डिस्ट्रिब्युटरमधून जाड काळ्या वायरींनी ते व्होल्टेज प्रत्येक प्लगला वाटलं जाई.

डिझेल गाडीवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. ठिणगी लागत नाही. तिथे 'ग्लो प्लग' असतो, पण तो थंड इंजिनाला ऊब देण्यापुरता. त्याचं काम वेगळं, बदलण्याची रीतही वेगळी.

मग घाटातच का?

ओढा ओलांडायचा असेल आणि पात्र अरुंद असेल, तर आपण सहज उडी मारतो. पात्र रुंद झालं की जास्त जोर लागतो. ठिणगीचंही तसंच. प्रत्येक ठिणगी टोकाच्या धातूचा अगदी सूक्ष्म कण घेऊन जाते, टोकं झिजतात, फट रुंदावत जाते आणि ती ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. शिवाय ठिणगीला धारदार कड आवडते. नव्या प्लगची कड कोरीव असते, जुन्याची साबणाच्या वडीसारखी गोल झालेली असते.

यात आणखी एक गोष्ट मिळते. दाबलेल्या हवेतून उडी मारणं ठिणगीला फार जड जातं. मोकळ्या मैदानात ओढ्यावरून उडी मारणं वेगळं आणि जत्रेच्या रेटारेटीत तीच उडी मारणं वेगळं. सपाटीला, हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, म्हणून दाबही कमी. घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर हवेने गच्च भरतो, दाब वाढतो आणि झिजलेल्या प्लगची ठिणगी नेमकी त्याच क्षणी हुकते. पेट्रोल आत आलं, पेटलं नाही, तसंच बाहेर गेलं. यालाच आपण 'मिसिंग' म्हणतो.

म्हणूनच प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून, "बघा, ठिणगी पडतेय, प्लग चांगला आहे" हे म्हणणं पुरेसं नाही. उघड्या हवेत पडणारी ठिणगी दाबाखाली पडेलच याची खात्री नसते.

सीएनजी गाडीवाल्यांना यातून एक फुकटची चाचणी मिळते. नैसर्गिक वायू पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि सीएनजीवर टाकली की अडखळते, असं असेल तर आधी संशय प्लगवर आणि कॉइलवर घ्या. सीएनजीवर प्लग लवकर झिजतात, त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत सीएनजीसाठी वेगळं अंतर दिलं आहे का, ते जरूर पाहा.

ई-२० चा संबंधही इथेच येतो. इथेनॉल थंडीत पेट्रोलइतकं सहज वाफ होत नाही. निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे थंड इंजिन पेटवायला ठिणगी दमदार लागते. प्लग नवा असेल तर फरक जाणवणार नाही. झिजलेला असेल तर त्याचं दुखणं उघडं पडतं. इथेनॉलमुळे प्लग खराब झाला असं त्यावरून म्हणता येणार नाही.

एका प्लगच्या वाट्याला किती ठिणग्या?

चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चाललं, तर प्रत्येक प्लग मिनिटाला १,००० ठिणग्या टाकतो. ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीने ४० हजार किलोमीटर म्हणजे १,००० तास, म्हणजे ६०,००० मिनिटं. गुणाकार करा: ६ कोटी ठिणग्या. एवढं काम करून ती वस्तू दोन-चार दशांश मिलिमीटर झिजत असेल, तर मला तिचं कौतुकच वाटतं.

साध्या निकेलच्या टोकाचे प्लग सर्वसाधारणपणे ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात. प्लॅटिनम आणि इरिडियमचे एक लाखाच्या आसपास जाऊ शकतात. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, तर इरिडियम २,४४६ अंशांना. धातू इतका चिवट असल्यामुळे टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. पण नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलाच धरा.

"इरिडियम टाकले की ॲव्हरेज वाढतं का हो?" हा हमखास येणारा प्रश्न. झिजलेले साधे प्लग काढून नवे इरिडियम टाकले, तर फरक नक्की जाणवेल. पण नवे साधे टाकले असते तरी जवळपास तेवढाच जाणवला असता. जास्तीच्या पैशांत आयुष्य मिळतं, ताकद नाही. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याने कंपनीने साधे सांगितले असतील तर साधेच घ्यावेत. आणि कंपनीने इरिडियम सांगितले असतील, तर पैसे वाचवायला साधे टाकू नयेत. कॉइल आणि इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक त्या प्लगचा विचार करूनच जुळवलेले असतात.

प्लगच्या अंगावरचा कोड वाचायला शिका

दुकानात "अमुक गाडीचा प्लग द्या" म्हणण्याऐवजी जुन्या प्लगवरचा किंवा पुस्तिकेतला कोड सांगा. एनजीके या प्लग बनवणाऱ्या कंपनीचा एक सर्रास दिसणारा कोड घेऊ: बीकेआर६ई-११. यात 'बी' आणि 'के' मिळून सांगतात की आटे १४ मिलिमीटरचे आणि पाना १६ चा. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. तो नसेल तर ठिणगीच्या लहरींनी रेडिओत खरखर येते आणि गाडीच्या संगणकालाही त्रास होतो. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचे ११ म्हणजे फट १.१ मिलिमीटर.

मधला ६ हा उष्णतेचा क्रमांक. काम करताना प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याहून थंड राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचत राहते. त्याहून गरम झालं तर ठिणगी पडण्याआधीच लाल टोकावर मिश्रण पेटतं आणि पिस्टनला धोका होतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलट. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावू नका.

बॉशवरून आठवलं. नाशिककर ज्याला मायको सर्कल म्हणतात, त्यातलं 'मायको' म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली भारतात सुरू झालेली बॉशचीच शाखा. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. आपल्या आधीच्या पिढीत प्लग म्हणजे मायकोचा, हे समीकरणच होतं.

किती प्लग घ्यायचे? सहसा सिलिंडर तितके: टाटा पंचला तीन, चार सिलिंडरच्या गाडीला चार. पण आपली पल्सर २०० एनएस एकाच सिलिंडरला तीन प्लग वापरते आणि जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग आहेत. म्हणून आधी मोजा, मग दुकानात जा. नकली प्लगचा सुळसुळाट आहे, त्यामुळे नेहमीपेक्षा फारच स्वस्त मिळाला तर खूश होऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या.

हत्यारं आणि एक रबरी नळी

रॅचेट, लांब एक्स्टेंशन, कॉइलच्या बोल्टसाठी बहुतेक वेळा १० ची गोटी, म्हणजे बोल्टवर टोपीसारखा बसणारा पोकळ पाना, आणि प्लगची खास गोटी. बहुतेक नव्या गाड्यांना १६ ची, जुन्यांना २१ ची, काहींना १४ ची. ही खास गोटी आतून रबर किंवा चुंबक असलेलीच घ्या, नाहीतर प्लग खोल विहिरीत राहतो आणि पाना रिकामा वर येतो. फट मोजायला फीलर गेज, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. शक्य असेल तर टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला हे दाखवणारा पाना. एखाद्या मित्राकडून मागून आणला तरी चालेल. हवा मारायला सायकलचा पंप. आणि वीतभर रबरी नळी, प्लगच्या पांढऱ्या मातीच्या डोक्यावर घट्ट बसेल अशी. या नळीचं काम पुढे सांगतो. माझ्या मते सगळ्या हत्यारांत तीच मोलाची.

सुरुवात: इंजिन गार, मन गार

हे काम मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिकलो, वडिलांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीकाकांजवळ उभा राहून. गाडी नुकतीच चालवून आणलेली होती आणि मी पाना उचलला. काकांनी हातातून काढून घेतला. "गडबड करू नगंस. आधी इंजिन गार हू दे, च्या पिऊन येऊ."

त्यामागचं कारण पक्कं आहे. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लगचे आटे पोलादाचे. ॲल्युमिनियम मऊ, त्यात तापलेलं असताना आणखी मऊ. गरम इंजिनातून प्लग ओढून काढला तर तो हेडचे आटे खरवडून घेऊन येऊ शकतो. प्लग दीडशे-दोनशेचा, हेडचं काम हजारोंचं. रात्रभर उभी राहिलेली गाडी आणि रविवारची सकाळ, ही वेळ उत्तम.

चावी काढून ठेवा. बोनेट उघडून मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा. परत जोडताना आठवणीपेक्षा फोटो बरा. वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढा, काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबाही बाजूला करावा लागतो. आता ओळीने कॉइल दिसतील.

एका वेळी एकच सिलिंडर. जुन्या, वायरींच्या गाडीत तर हे कटाक्षाने पाळा, कारण दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी सुरूच होणार नाही.

कॉइलच्या जोडणीला छोटी खिट्टी असते. ती दाबून प्लॅस्टिकला धरून ओढा, वायरीला धरून नाही. इंजिनाच्या उष्णतेने हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षं भाजलेलं असतं, पापडासारखं तुटतं. मग बोल्ट काढा, कॉइल थोडी डावी-उजवीकडे हलवून सरळ वर ओढा. खाली टॉर्चच्या उजेडात एक खोल विहीर दिसेल, तळाशी प्लगचं पांढरं डोकं. पाना घालण्याआधी त्या विहिरीत पंपाने हवा मारा. धूळ, वाळू, झाडाचं वाळकं पान, काहीही असतं तिथे. प्लग निघाल्यावर ते सगळं सरळ सिलिंडरमध्ये पडतं.

विहिरीत तेल दिसलं, तर टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाची पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचं सील गळतंय. नवे प्लग बसतील, पण ती गळती दुरुस्त करून घेतल्याशिवाय दुखणं परत येईल.

प्लग सैल करताना पहिला जोर लागतो, मग तो हाताने फिरायला हवा. मध्येच जड झाला, कुईं कुईं करू लागला, तर थांबा. थोडा परत आवळा, डब्ल्यूडी-४० या गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग पुढे-मागे करत काढा. तरीही अडला तर गाडी गॅरेजमध्ये न्या. यात कमीपणा काहीही नाही.

काढलेला प्लग बोलतो

जुने प्लग वर्तमानपत्रावर १, २, ३, ४ असे क्रमाने मांडा. डॉक्टर जीभ बघतात तशी ही इंजिनाची जीभ.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर इंजिन निरोगी आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर येतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओलं, तेलकट काळं असेल, तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत शिरतंय. अशा गाडीचं ऑइल वारंवार कमी होत असतं. टोक पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल, तर सिलिंडर जास्त तापतोय. आणि पेट्रोलने ओला, वासाचा प्लग म्हणजे तिथे ठिणगीच पडत नव्हती.

माझ्या गाडीचे चारही प्लग रंगाने ठीक होते, तपकिरी. पण तिसऱ्याच्या मातीच्या आवरणावर डोक्यापासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. नखाने खरवडली, गेली नाही. वीज फट ओलांडण्याऐवजी आवरणाच्या बाहेरून सरळ लोखंडाकडे पळत होती, ही तिच्या पावलांची वाट. फीलर गेज घातलं, तर एक मिलिमीटरच्या जागी १.४ ची पट्टी आरामात गेली. पात्र रुंद झालेलं, म्हणून विजेने आडवाट शोधलेली. बोरघाटातल्या उचक्यांचं उत्तर वर्तमानपत्रावर समोर पडलं होतं.

नवा बसवताना

आधी फट मोजा. खोक्यात योग्य फटीचा येतो असं धरून चालू नका. वाहतुकीत आपटून टोक वाकलेलं असू शकतं. साध्या प्लगचं बाजूचं टोक हलकेच वाकवून फट जुळवता येते. इरिडियमच्या मधल्या टोकाला मात्र गेज टेकवून जोर देऊ नका, ते काचेसारखं तुटतं. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. वरून धड दिसला तरी आतली माती तडकलेली असू शकते.

आता ती रबरी नळी. प्लगचं डोकं नळीत खोचा, विहिरीत सोडा आणि नळी बोटांनी फिरवा. लोणच्याच्या बरणीचं झाकण कधी वाकडं बसतं ना, दोन फेरे फिरतं आणि अडतं, तसे आटे वाकडे धरले जाऊ शकतात. झाकण असतं तर काढून पुन्हा लावलं असतं. इथे पान्याच्या जोराने वाकडा प्लग तसाच आत जातो आणि हेडमधले आटे कापत जातो. नळीला तेवढा जोर नसतो. आटे वाकडे धरले गेले, तर ती प्लगच्या डोक्यावर नुसती घसरते आणि तुम्हाला सांगते की थांब. सुरुवातीला प्लग उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेने, हळू फिरवा. आट्याला आटा जुळला की बारीकसा टक् जाणवतो. तिथून सुलटा फिरवा.

उद्यमनगरातल्या काकांकडे नळी नव्हती. ते एक्स्टेंशन दोन बोटांत धरून, रॅचेट न लावता प्लग फिरवायचे. "बोटाला कळतंय, पान्याला कळत न्हाई," एवढंच म्हणाले होते. पूर्ण तळाशी टेकेपर्यंत प्लग बोटांनीच गेला पाहिजे. पाना फक्त शेवटच्या आवळण्यापुरता.

किती आवळायचं? १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. १२ मिलिमीटरला त्याहून कमी. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. टॉर्क पाना नसेल, तर बोटांनी टेकल्यानंतर नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तेवढ्यात त्याचा वॉशर कुकरच्या गॅस्केटसारखा दबून बसतो. तोच प्लग काढून परत लावत असाल, तर वॉशर आधीच दबलेला असतो. मग फेऱ्याचा बारावा भाग पुरे. काही प्लगना वॉशर नसतो, बूड निमुळतं असतं. त्यांना फेऱ्याचा सोळावा भाग, बस्स.

"थोडं जास्त आवळलं तर काय बिघडलं, सैल राहण्यापेक्षा बरं!" असं वाटणं साहजिक आहे. दोन्ही वाईट. प्लग आपली उष्णता आट्यांमधून आणि वॉशरमधून हेडला देऊन गार राहतो. सैल राहिला तर उष्णता अडकते, टोक लाल होतं. जास्त आवळला तर आटे ताणले जातात आणि पुढच्या वेळी काढताना हेडचे आटे सोबत येतात. त्याच कारणासाठी आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. निसरड्या आट्यांवर तोच जोर लावला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. बहुतेक नव्या प्लगवर गंज न धरणारा मुलामा आधीच असतो.

कॉइल सरळ खाली दाबून बसवा, बोल्ट हलक्या हाताने लावा, जोडणी टक् वाजेपर्यंत दाबा. गाडी सुरू केल्यावर थरथरली तर घाबरू नका, बहुतेक वेळा एखादी जोडणी नीट बसलेली नसते. गाडी बंद करून चारही दाबून पाहा.

विचारले जाणारे काही प्रश्न

शॉक बसेल का? चावी काढलेली, इंजिन बंद असेल तर नाही. पण कोणती कॉइल खराब आहे हे शोधायला चालू इंजिनावर एकेक कॉइल उपटून पाहणारे लोक असतात. ते करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात. त्याऐवजी संशयित कॉइल, इंजिन बंद असताना, शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि चालवून बघा. मिसिंग तिच्यासोबत शेजारी गेलं, तर प्लग निर्दोष आणि कॉइल दोषी. कोणता सिलिंडर मिसिंग करतोय हे गाडीच्या संगणकाला जोडायचा ओबीडीचा छोटा स्कॅनर सांगतो: पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०३ म्हणजे तिसरा.

पॉलिश पेपरने घासून जुनाच वापरला तर? रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या स्कूटरला "प्लगमध्ये कचरा आलाय" म्हणत घासून सुरू करणं आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि घरी पोहोचण्यापुरतं ते ठीक होतं. पण घासल्याने काजळी जाते, झिजलेली कड परत येत नाही. इरिडियमच्या टोकाला तर पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावूच नका.

एकच खराब आहे, तर एकच बदलू? तिसऱ्याने ६२ हजार किलोमीटर केले, तर बाकीच्यांनीही तेवढेच केलेत. सगळे बदला.

थोडे दिवस तसंच चालवलं तर? इंजिनच्या चित्राचा दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर दाखवा. लुकलुकत असेल तर गाडी हळू चालवा आणि शक्य तितक्या लवकर थांबवा. सिलिंडरमध्ये न पेटलेलं पेट्रोल धुरांड्याच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या जाळीत, जाऊन पेटतं. ती जाळी वितळू शकते. तिच्या किमतीत कित्येक वर्षांचे प्लग येतील.

गाडी वॉरंटीत असेल तर? मग हात लावू नका, अधिकृत सर्व्हिसमध्येच करून घ्या आणि बिल जपून ठेवा. ज्या इंजिनांत प्लगपर्यंत जायला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग, काढावं लागतं, तिथेही पहिल्याच प्रयत्नाला हे काम घेऊ नका.

प्लग बदलून झाल्यावर मी चिकटपट्टीचा एक तुकडा बोनेटच्या आतल्या बाजूला लावला. त्यावर तारीख आहे, ६२ हजारांचा आकडा आहे, प्लगचा कोड आहे आणि फट: १.० मिमी. काळी रेघ असलेला तो तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मात्र भंगारात दिला नाही. शेजारची दहावीतली मुलगी काम बघत उभी होती, "काका, हा मला द्या ना, विज्ञानाच्या सरांना दाखवते," म्हणाली. पुसून दिला.